वहिनीच्या सायकलची हवा

आमच्या घरातली पहिली मुक्त स्त्री म्हणजे माझी वहिनी, आणि तिला मी मुक्त केलं.

(तिला विचारलं नव्हतं. असल्या कामात विचारत बसलं तर चळवळ पुढे जाणार कशी?)

मी मानववंशशास्त्राची बाई. चंद्रपुरातल्या बाया आणि सायकल हा माझा अभ्यास. शहरभर विचारत फिरायचे, "सायकलवर कसं वाटतं?" आणि घरची वहिनी मात्र दळणाचा डबा काखेत मारून पायी चक्कीवर! सोबत शेजारची शेवंता. छे! मी वहिनीला लाल सायकल घेऊन दिली, वर शिकवलीही. (ती पडली ती बहुतेक माझ्यावरच.)

झालं! घरात प्रत्येकाला कामं सुचू लागली. "वहिनी, दूध!" "सूनबाई, माझ्या गोळ्या!" दादा घुग्घुसच्या खाणीत ड्यूटीवर निघता निघता म्हणे, "सायकल हाय नं तुले? मंग!" मी खूश. बाई किती फिरते!

मग रोज, ऐन दळणाच्या वेळी, सायकलची हवा जायला लागली.

मी लगेच ओळखलं. पुरुषसत्ता! तरातरा समोरच्या पानठेल्यावर गेले.

"बाईनं सायकल चालवलेली बघवत नाही का हो?"

"मी काऊन हवा सोडू जी, ताई?" ठेल्यावरचे भाऊ बोटावर चुना घेऊन तसेच उभे.

मी ऐकते होय! भर चौकात भाषण ठोकलं. गर्दी जमली. भाऊ बिचारे रडवेले झाले.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेले, तर वहिनी चाकापाशी उकिडवी बसून व्हॉल्व्ह काढत होती. फुस्स!

"वहिनी! तू?"

"मंग का करू, ताई? सायकलवर गेली का भुर्रकन वापस. शेवंता राह्यते मागंच. दिवसभरात तेवढंच तर बोलत होतो आमी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी साऱ्या बायाइले विचारता. मले नाई विचारलं."

फार वाईट वाटलं हो, खरंच. आधी जाऊन भाऊंची माफी मागितली. (त्यांनी उलट पान दिलं. खाली मान घालून खाल्लं.) संध्याकाळी दोघी पायी निघाल्या तेव्हा अगदी नम्रपणे म्हटलं, "मी येऊ सोबत? एकही प्रश्न विचारणार नाही!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंता गोड हसली. "या नं, ताई! पण डबा लय जड हाय. तुमी सायकलनं व्हा पुढं, आमी येतोच मांगून."

मी सायकलीत हवा भरली, चक्कीवर गेले, दळलं, पिठानं पांढरी होऊन परत आले. त्या दोघी अजून गल्लीच्या कोपऱ्यावरच! मला पाहिलं आणि एकमेकींना टाळ्या देऊन हसत सुटल्या. कशाला हसता, हे विचारायची गरज मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली नाही.