राखीची फाइल होल्डवर

मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. शेल्टरची तपासणीची खोली. हजर: डॉक्टर मृणाल, आमच्याकडे जनावरांचं खाणंपिणं बघणारी मंदा, मी आणि राखी.

राखी टॉवेलात गुंडाळून वजनकाट्यावर ठेवली होती. काटा दोन किलो सातशे दाखवत होता. दहा दिवसांपूर्वी ती तीन किलो शंभर होती. हळूहळू खाणं कमी करत आली होती आणि आता दोन दिवस तिने वाटीला तोंडच लावलं नव्हतं. मांजराचं उपाशी राहणं माणसाच्या उपाशी राहण्यापेक्षा वाईट. चरबी लिव्हरवर चढायला लागते, आणि मग समोर ठेवलेलंही ते खात नाही.

“बदललं काय?” डॉक्टरांनी विचारलं.

मी कार्ड वाचून दाखवलं. खाणं तेच, पिंजरा तोच, शेजारी नवं मांजर नाही. अजून एक गोष्ट मला माहीत होती. ती कार्डावर नव्हती.

मी या शेल्टरमध्ये अडॉप्शन कोऑर्डिनेटर आहे. कुठलं जनावर कोणाच्या घरी जाणार, ते मी ठरवते. त्याआधी बावीस वर्षं नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. राखी लोणावळ्यातल्या एका बंद बंगल्यात, किचनच्या ओट्याखाली सापडली. चावणारी नव्हती, पण माणूस दिसला की खोक्यामागे जायची. अशा मांजराला माणसाची सवय लावावी लागते. ते काम मी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी दहा मिनिटं तिच्या पिंजऱ्यासमोर बसायचं, दार उघडं ठेवायचं आणि कार्ड भरायचं: कान कसे आहेत, डोळे मिटते का, माझ्यापासून किती फुटांवर थांबते. सात महिन्यांत नऊ फुटांचे चार फूट झाले. मला त्याचा अभिमान होता.

मग शोभा आली. जवळच्याच औंढे गावची, माझ्याच वयाची, शिवणकाम करणारी. रिसॉर्टवाले जुन्या चादरी देतात, त्यांतून आमच्या जनावरांसाठी गाद्या शिवून घ्यायच्या होत्या. मांजरांच्या खोलीत दाराशी उजेड चांगला, म्हणून ती तिथे जमिनीवर बसायची. पाठ राखीच्या पिंजऱ्याकडे.

तिसऱ्या खेपेला मंदा मला बोलवायला आली. “ताई, गप या आणि काचंतनं बघा.”

पिंजऱ्याच्या उघड्या दारातून राखी बाहेर आली होती. चादरींच्या ढिगावर बसली होती आणि तिची पाठ शोभाच्या पाठीला टेकली होती. शोभा टाका घालत होती. तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मंदा हसत होती. मला राग आला. राखीचा नाही, शोभाचा. मी सात महिने बसले होते. हिने त्या मांजराकडे साधं बघितलंही नव्हतं. त्या दिवशीच्या कार्डावर मी यातलं काही लिहिलं नाही. अंतराचा रकाना माझ्यापासूनच्या अंतराचा आहे, असं कारण मी स्वतःला दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याच जागेवर, तिचीच चादर मांडीवर घेऊन बसले. पाठ पिंजऱ्याकडे. राखी येते की नाही हे कळावं म्हणून मोबाइल समोर उभा केला होता, त्याच्या काळ्या काचेत मागचं दिसत होतं. अर्धा तास बघत होते. राखी खोक्यामागून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात शोभाने मंदाला विचारलं, ही बाय मला मिळंल का. राखीला ती बाय म्हणायला लागली होती, आणि राखी त्या हाकेला कान हलवत होती.

अडॉप्शनचा अर्ज आला की आम्ही होम चेक करतो, म्हणजे घर बघून येतो. औंढ्याचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. घरात शोभा आणि तिचे सासरे. खिडकीला गज होते, जाळी नव्हती. मागचं दार शेताकडे उघडत होतं आणि दिवसभर उघडंच असायचं. मी टेपने गजांमधलं अंतर मोजलं. सासरे ओट्यावरून बघत होते. “सून आणताना आमी बी एवढं मोजलं न्हवतं,” ते म्हणाले.

शोभाने चहा ठेवला. “जाळी मारली तर चालंल का ताई?”

चाललं असतं. असल्या घरांना आम्ही जाळी बसवायला पंधरा दिवस देतो. मी म्हणाले, बघून कळवते. परत येऊन फाइलवर लिहिलं: मागचं दार उघडं, मांजर पळण्याचा धोका, होल्ड. शिवाय तिला निरोप दिला की निर्णय होईपर्यंत शेल्टरला येऊ नये, मांजराला लळा लागला तर अवघड होतं. गाद्या मंदासोबत पाठवाव्यात.

हे सगळं नियमात बसत होतं. म्हणून तर मला ते जमलं.

वजनकाट्यापाशी मी कार्ड वाचून मिटलं, तेव्हा मंदाच बोलली. “शोभाताई यायच्या बंद झाल्या, तवापासनं हिचं खाणं उतरलंय. मी ताईंना म्हणलं पण हुतं.”

म्हणाली होती. दोनदा.

डॉक्टरांनी फाइल मागितली, होल्डची ओळ वाचली. “ताई, गेल्या महिन्यात तुंगार्लीच्या फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी नव्हती. तेव्हा काय केलंत?”

“पंधरा दिवस दिले.”

“आणि इथे?”

डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि राखीला सलाइन लावायला घेतलं. मंदा टॉवेलच्या घड्या घालत राहिली. सगळे टॉवेल आधीच घडी केलेले होते.

मी बाहेर जाऊन शोभाला फोन लावला. जाळीचं विचारलं.

“ती तर तुमी आल्तात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मारली. मागच्या दाराला बी अर्धं फाटक केलंय. तुमी कळवते म्हणला हुतात, म्हणून वाट बघत हुते.”

ती दुपारी आली. दाराशी, पाठ पिंजऱ्याकडे करून बसली आणि उसवलेली गादी शिवायला घेतली. मी खोलीबाहेर थांबले. या वेळी काचेतून बघितलं नाही. पाऊण तासाने मंदा रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. राखीने निम्मं खाल्लं होतं, निम्मं पायाने सांडलं होतं.

दोन दिवस डॉक्टरांनी नजरेखाली ठेवली, शोभा रोज येत राहिली. शुक्रवारी राखी औंढ्याला गेली. महिन्याने वजन तीन किलो दोनशे. दुपारी शिलाई मशीनच्या पायाशी झोपते, असं शोभा सांगते.

डॉक्टरांनी मला नंतर एवढंच सांगितलं की टक लावून बघणं म्हणजे मांजराच्या लेखी धमकी. मी सात महिने रोज दहा मिनिटं ती दिली आणि वर तिची नोंद ठेवली. कार्ड आता मंदा भरते, दिवसाच्या शेवटी, आठवून. आणि ज्या जनावरात माझा जीव अडकलाय त्याच्या फाइलवर सही डॉक्टर करतात. हा नियम मीच घातला.

मागच्या सोमवारी शोभा गाद्या घेऊन आली होती. म्हणाली, “तुमी कडक बघता ते बरंय ताई. बाय कुण्या भलत्या घरी गेली असती.” मी मान हलवली आणि गाद्या मोजून घेतल्या. फाइल होल्डवर जाळीसाठी नव्हती, हे तिला सांगायचं माझ्या यादीत आहे. त्यावर अजून काट मारलेली नाही.