करडई नको, एरंडेल

माझं माहेर सोलापूरचं, इंग्रजी हद्दीतलं. वडिलांचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता, मी त्या ग्रीसच्या वासातच वाढले. सासर अणदूरजवळ, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी जुनी मोटार घेतलेली होती, तेलाच्या ब्रेकची. गावाला लई कौतुक. मला मात्र तिच्याजवळ उभं राहायचीसुद्धा चोरी. बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतं म्हणे!

लढाईचे दिवस होते. ब्रेकचं तेल सोलापुरातही मिळेना आणि आमच्या मोटारीची ब्रेकची टाकी तळाला गेलेली. मी नवऱ्याला सांगितलं, घरात एरंडेल आहे, बत्ती पेटवायचं स्पिरिट आहे, दोन्ही निम्मं निम्मं मिसळा आणि गाळून घाला. माझे वडील तेच करतात. यांनी ते सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासरे सगळ्यांदेखत हसले. "पोट साफ करायचं तेल मोटारीला? जुलाब लागतील की गं तिला!" गडीमाणसंही फिदीफिदी हसली. मी आतून नुसती धुमसत होते.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी नांगर, मोट, बैलगाडीचा कणा, दुकानातला तराजू, सगळ्यांना पुसून तेल द्यायची आमच्याकडं रीत. सासऱ्यांनी मोटारीलाही हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पूजेतलं करडईचं तेल भक्तिभावानं ब्रेकच्या टाकीत काठोकाठ ओतलं. मी तेव्हा चुलीपुढं होते. दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्यांनी मोटारीनं तुळजापूरला जायचं ठरलेलं, माझ्या तान्ह्या लेकीसकट. वाटेत नळदुर्गचा उतार, आणि खाली बोरी नदी.

निघायच्या वेळी हे म्हणाले, "आता ब्रेकची काळजी मिटली, काल आबांनी टाकी भरली." कशानं भरली ते ऐकलं आणि मी लेकीला घेऊन मोटारीपासून मागं सरले.

"मी बसणार न्हाय," मी म्हणाले. "आणि पोरही बसणार न्हाय."

यांनी मोटार थोडी पुढं घेऊन ब्रेक दाबून दाखवला. लागला की! आता बोला! आज लागत होता, हीच तर पंचाईत होती. उतारावर तो कधी दगा देईल, ह्याचा माझ्या हातात पुरावा कसला?

सासरे भडकले. "देवाच्या तेलाला नावं ठेवतीस? इंग्रजी हद्दीतलं शहाणपण करोडगिरीच्या जकातनाक्यावर ठेवून यायचं. बसायचं नसंल तर माहेरची वाट धर."

"धरते की. पोरीला घेऊन धरते."

बोलून गेले खरी, पण सासरी नांदायचं होतं मला. तरीपण लेक सासूबाईंच्या हातात दिली, पदर खोचला, पाना घेतला आणि सणाचं लुगडं नेसलेलीच मातीत आडवी झाले. चाकामागचा नट ढिला केला. देवाचं तेल मातीत ठिबकायला लागलं. आता ती मोटार कुणाच्या बापालाही नेता येणार नव्हती.

सासरे रागावले की कानडीत शिरायचे. त्या शिव्या मला निम्म्याच कळल्या, पण तेवढ्या पुरल्या. आणि मग, ज्यांनी जन्मात नवऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता, त्या सासूबाई म्हणाल्या, "साकु!" म्हणजे पुरे.

"करडईच्या बुधल्याच्या तोंडाला चिकट साल धरतीय, एरंडेलाच्या न्हाय," त्या म्हणाल्या. "ती नखानं मी खरवडते, तुमी न्हाय. ह्या काडीएवढ्या नळ्यांत कोण नख घालणार?"

त्यांनी माझी लेक सरळ सासऱ्यांच्या हातात ठेवली, लुगडं सावरत मोटारीत चढल्या आणि ड्रायव्हरच्या जागी बसून मला म्हणाल्या, "कुठं पाय देऊ, सांग."

त्यांनी दाबायचं, मी नट सोडायचा आणि आवळायचा. करडई सगळी काढली, नळ्या स्पिरिटनं धुतल्या. मग हेही पुढं सरसावले. आपल्या उपरण्यातून एरंडेल गाळून देऊ लागले. ऊन डोक्यावर आलं. सासरे पोरीला घेऊन तसेच उभे. ती त्यांच्या मिशा ओढत होती, आणि तिला खाली ठेवावं तर कुठं?

शेवटी निघालो. सासरेही बसले, पण तोंड फिरवून. नळदुर्गच्या उतारावर ब्रेक नीट लागला. "करडईनंही लागला असता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पुढं दर दसऱ्याला ते हेच म्हणायचे. मरेपर्यंत म्हणाले. मीही दरवेळी तेच सांगायची, "लागला असता मामा, व्हय. पण पोर माझी होती."