बाबांचा अंगठा

दर नोव्हेंबरात मी बाबांना बँकेत नेतो. आपण अजून जिवंत आहोत, हे तिथल्या यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवून त्यांना सिद्ध करावं लागतं. नाहीतर पेन्शन थांबते. यंदा अंगठाच उमटेना. सत्त्याऐंशी वर्षांत रेषा झिजून गेल्या. मी रुमालाने तो पुसत होतो, त्यावर फुंकर घालत होतो. मी एक्कावन्न वर्षांचा, कॉलेजात कंत्राटावर शिकवतो, आणि घर चालतं ते या अंगठ्यावर.

रांगेत सगळीकडे तेच दिसत होतं. पुढे पेन्शनवाले आईबाप, मागे त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी, पेन्शन नसलेली, पिकल्या केसांची मुलं. आईबापांना उदंड आयुष्य लाभो, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यातली माया किती आणि पोट किती, हे मात्र मी शोधायला जात नाही.

सहाव्या खेपेला दिवा हिरवा झाला.

"झालं बुवा! आता तूही लावून टाक," बाबा म्हणाले.

"मला कुठे पेन्शन मिळणार आहे, बाबा?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्या वयाचा झालास, की तू जिवंत आहेस का, हे कुणीच विचारणार नाही?"

मागच्या आजी खोळंबल्या होत्या. मी काचेवरचा बाबांचा ठसा रुमालाने पुसून टाकला.