टाचेवरचा डाग

"हे कुरूप नाही," पप्पांची टाच हलकेच खाली ठेवत डॉक्टर म्हणाले. "मेलानोमा आहे, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलाय."

पप्पा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करतात. ते म्हणाले, "बैल घेताना आमी आधी खूर बघतो, डॉक्टर. सोताचाच बघायचा ऱ्हायला." कुणी हसलं नाही.

बोरी गावात आमच्या घरी सगळे त्या डागाला कुरूपच समजत होते. आत्यानं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं गरम तेल डागावर टेकवलं. काटा, भेग, कुरूप, आमच्याकडे सगळ्यावर हाच उपाय. कातडी जळाली, डाग दिसेनासा झाला. मग कडेनं पुन्हा आला, आधीपेक्षा रुंद.

ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली. गाठी परत आल्या. तेव्हा पुण्याच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी एक प्रायोगिक उपचार सुचवला. हायपरथर्मिया, म्हणजे गाठीला मशीननं मोजून उष्णता द्यायची. सोबत सेल थेरपी, म्हणजे गाठीत शिरलेल्या आपल्याच लढणाऱ्या पेशी काढून, लॅबमध्ये वाढवून, सलाइनसारख्या परत सोडायच्या.

आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजी परत भाजायचं?"

"भाजायचं नाही, तापवायचं," मॅडम म्हणाल्या. "उष्णतेनं कॅन्सर उघडा पडावा, पेशींना दिसावा, एवढ्यासाठी. खात्री मी देणार नाही."

पेशींची पिशवी लहानशी होती, आतलं पाणी गढूळ. ती संपल्यावर संध्याकाळी पप्पांना हुडहुडी भरली. ताप येणार हे आधीच सांगितलं होतं. पण हा ताप पेशींच्या लढाईचा की इन्फेक्शनचा, ते लगेच कुणालाच सांगता येईना. बाहेरच्या बाकावर बसून मी नर्सच्या चालण्यावरून अंदाज बांधायला शिकले. त्या भरभर चालल्या की मी उठून दाराशी जायचे.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच सांगते: कळलं नाही तर पुन्हा विचारा. मी लाजेनं मान हलवत राहायचे आणि घरी येऊन इंटरनेटवर भलतंसलतं वाचत बसायचे.

ताप उतरला. तापवलेली गाठ स्कॅनमध्ये आक्रसली होती. फुप्फुसात मात्र एक ठिपका होता, आधीच्या स्कॅनमध्ये नसलेला.

"थांबून बघू," मॅडम म्हणाल्या. आता आम्ही त्या दोन शब्दांत राहतो. तरी पप्पा अंगणात चालतात, याबद्दल मी हॉस्पिटलमधल्या सगळ्यांची ऋणी आहे.

परवा शेजारच्या काकू लंगडत आल्या. "आक्का, बिब्बा लाव की. लई ठणकतंय."

आत्यानं दिवा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पाहुणे आले की मी आत जाते. त्या दिवशी खाली बसले, काकूंचा पाय मांडीवर घेतला, धुतला, उजेडात धरला.

"अगं, बैल हाय का मी?" काकू म्हणाल्या.

काटाच होता. सुईनं निघाला. आम्ही तिघी हसलो.

तेवढ्यात आतून पप्पा खोकले. आत्यानं दिवा विझवला. पप्पा खूर बघतात, तसा आम्ही हल्ली त्यांचा खोकला ऐकतो.