रोबोला लावलेलं कुंकू

नारळ फोडल्याशिवाय नवीन यंत्राला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. उचगावात माझं लेथचं वर्कशॉप आहे. तिथं साधं ड्रिल मशीनसुद्धा कुंकू लावल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळं मुक्तासाठी रोबो आला, तेव्हा मी आधी हळद-कुंकवाचं ताट शोधलं.

मुक्ता माझी लेक. सात वर्षांची, स्वमग्न. बोलते फार कमी, आणि माझ्याशी तर त्याहून कमी. थेरपीच्या मॅडमनी हा गुडघ्याएवढा रोबो आठ दिवसांसाठी दिला होता. तो समोरच्या चेहऱ्याचा फोटो घेऊन ओळख ठेवतो, एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. मुक्ताला त्याच्याशी बोलणं जमलं तर महिनाभर आमच्याकडं राहणार, नाहीतर गारगोटीच्या दुसऱ्या मुलीकडं जाणार. मला काही करून तो ठेवून घ्यायचा होता. पोरीनं एकदा तरी आपणहून माझ्याशी बोलावं, एवढीच आस!

मी रोबोच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. बरोबर कॅमेऱ्यावर!

"मला तुझा चेहरा दिसत नाही," रोबो म्हणाला.

"आंधळा दिलाय व्हय मॅडमनी!" माझी आई ओरडली. (आई कुजबुजली तरी शेजारी उत्तर देतात.)

मी घाईघाईनं टॉवेलनं कॅमेरा पुसला आणि पुसलाय का नीट, हे मिशा टेकतील इतकं तोंड जवळ नेऊन बघितलं.

"नमस्कार मुक्ता! तुला कोणता रंग आवडतो?"

मुक्ता माझ्या शेजारीच बसली होती. ती ओठ हलवणार, एवढ्यात मी, "निळा!"

"छान, मुक्ता! आणि खाऊ?"

"भडंग!" आई.

"भडंग न्हाय गं, लाडू!" मी.

आठ दिवस हेच. रोबो विचारायचा, मुक्ता तोंड उघडायची आणि उत्तर आम्ही ठोकून द्यायचो. काय करणार, पोरीची काळजी!

आठव्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी रोबोतला अहवाल वाचला.

"मुक्ता पटापट उत्तरं देते. आवाज फार मोठा. दुसऱ्याला अजिबात बोलू देत नाही." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि मुक्ताच्या फोटोला मिशा कशा?"

गेला रोबो!

"मॅडम, तसं न्हाय, त्याचं काय झालं..."

तेवढ्यात माझ्या तोंडावर एक इवलासा हात आला.

"बाबा, गप," मुक्ता म्हणाली. "माझा नंबर हाय." मग रोबोकडं वळून म्हणाली, "पिवळा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं मी तिला निळे फ्रॉक आणत होतो!

"महिनाभर राहू दे रोबो," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मुक्ताला जमलं म्हणायचं की!"

"तिला जमलंय हो. रोबो तुमच्यासाठी ठेवतेय."