निमोण्याच्या घुमत्या काठ्या

शिरूरची एसटी शिवाजीनगरहून सुटली तेव्हा माझ्या पिशवीत भिंग आणि वही होती, आणि वहीत घडी घातलेलं एक पिवळं पडलेलं पत्रक. पत्रक मीच लिहिलेलं. त्यात एक ओळ अशी होती: ‘निमोणे येथील धोंडीबा आप्पा यांनी हयगय केल्यामुळे त्यांची शेवग्याची बाग हातची गेली.’ ही ओळ खोटी आहे. लिहितानाही मला तिची खात्री नव्हती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर मी ते आप्पांना तोंडावर सांगायला निघालो होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूर तालुक्यात शेतीसल्लागार म्हणून हिंडत असे. आप्पा मूळचे मेंढपाळ. मेंढरं विकून त्यांनी निमोण्यात जमीन कसायला घेतली आणि माझ्या सांगण्यावरून शेवगा लावला. फुलोऱ्यात काही फांद्या वाळल्या. झाडाच्या बेचक्यांत भुसा दिसला. तसाच भुसा घराच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या घायपाताच्या काठ्यांखालीही होता. त्या काठ्या आप्पांच्या वडिलांच्या, वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) ताणायच्या. त्यांना अंगठ्याएवढी गोल भोकं होती आणि भोकांतून काळे भुंगे जा-ये करत होते. मी दोन्ही भुशांची सांगड घातली आणि शत्रू सापडला म्हणून जाहीर केलं.

गावासमोर प्रात्यक्षिक ठेवलं. आप्पांनी स्वतःच्या हातानं काठ्या पेटवाव्यात, म्हणजे लोक शिकतील, असा माझा आग्रह. आप्पांनी प्रत्येक काठी आधी कानाला लावली. लोक हसले, मीही हसलो. तीन काठ्या त्यांनी बाजूला काढल्या.

“ह्या राहू द्या सायेब. घुमत्यात.”

मी त्या तिन्ही उचलल्या आणि आगीत टाकल्या.

पुढच्या हंगामात बाग फुलांनी पांढरी झाली, शेंगा मात्र मोजक्याच लागल्या. त्याच्या पुढच्याही हंगामात तेच. आप्पांनी झाडं तोडली. माझा सल्ला फसला असं वर कळवण्याऐवजी मी गावोगाव लावायच्या छापील पत्रकात ‘हयगय’ हा शब्द लिहिला.

खरं कळलं ते पुण्यात, बाल्कनीत. कपडे वाळत घालायचा जुना बांबू घुमायला लागला म्हणून मी तो उभा चिरला. आत ओळीनं खोल्या होत्या, मधल्या भिंती भुशाच्या. प्रत्येक खोलीत परागाचा पिवळा गोळा आणि त्यावर तांदळाच्या दाण्यासारखं एकेक अंडं. भुंगा लाकूड खात नव्हता. तो लाकडात घर करत होता, आणि पोटाला फुलांवर जात होता. शेवग्याचं फूल अशा जड भुंग्यानं हलवलं तर चांगलं फळतं, आणि झाडाच्या बेचक्यांतला भुसा साल पोखरणाऱ्या अळीचा असतो, हे मग पुस्तकांत वाचलं. पुस्तकं तेव्हाही होती.

शिक्रापूर गेलं, रांजणगावच्या कंपन्यांच्या भिंती लागल्या. माझ्या वेळी इथे ज्वारी दिसायची. शिरूरच्या स्टँडवर मिसळ मागवली आणि अर्धी टाकली. निमोण्याला जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही सातजण कोंबलेले. उन्हाळा लागायचा होता, तरी बांध करपले होते.

आप्पांच्या बागेच्या जागी पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. दारादारांत बादल्या, दोरीवर कंपनीचे निळे शर्ट. एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, “वो चाय की टपरी पे पूछिए, मालिक वहीं बैठता है.”

टपरीवर तिशीच्या आतला एक माणूस गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून बसला होता. मी शेवग्याच्या बागेची चौकशी केली.

“शेवगा?” तो म्हणाला. “आबा, आमच्या हितं आता खोल्याच उगवत्यात.”

बाकीचे हसले. त्यातला एक म्हणाला, “किसन्या, भुंगे आप्पाचं सांग की त्यांना. ह्याच्या बाला समदा गाव भुंगे आप्पा म्हणतोय. छापून आलंय नाव, कमी हाय का?”

किसन हसला नाही. कप खाली ठेवून त्यानं मला विचारलं, “तुम्ही कोण?”

“झाडांची माहिती गोळा करतो,” मी म्हणालो.

सांगायची जागा तीच होती. समोर आप्पांचा मुलगा, भोवती गावातली पाच-सहा माणसं. मी चहा प्यायलो. आप्पा आता मुलीकडे, खुटबावला असतात, एवढं किसननं सांगितलं. “इथं करमत न्हाई त्यांना.” मग तो उठून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला, चौफुल्याकडची जीप थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “आबांना पुढं बसव रं. मागं उडून पडत्याल.” त्यानं हात देऊन मला वर चढवलं. तो हात मला अजून आठवतो.

न्हावऱ्याच्या पुढे, पारगावच्या पुलाअलीकडे जीप पंक्चर झाली. तासभर मी भीमेकडे बघत उभा राहिलो. पाणी थोडं आणि काळपट. काठावर घायपाताचं बेट होतं, वाळलेले उंच दांडे उभे. जवळ जाऊन एकेक दांडा पाहिला. एकालाही भोक नव्हतं. वहीत तसं लिहिलं.

खुटबावला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आप्पांची मुलगी हिराबाई अंगणात झेंडू निवडत होती. आप्पा बाजेवर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“भुंग्याचं सायेब.”

मी मान हलवली, मग त्यांना दिसलं नसेल म्हणून “हो” म्हणालो. हिराबाईनं आधी जेवायला वाढलं. भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांचं कालवण.

“शेंगा घरच्या?” मी विचारलं.

“आप्पांनी दोन झाडं लावल्यात गोठ्यामागं,” ती म्हणाली. “सरत न्हाईत. गल्लीला वाटतोय.”

हात धुतल्यावर मी पत्रक काढलं आणि सगळं सांगितलं: भुसा, बांबू, अंडी, ‘हयगय’.

“भुंगा लाकूड खात न्हाई, हे आम्हाला ठाऊक व्हतं,” आप्पा म्हणाले.

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो की. राहू द्या म्हणलो. मेंढरं इकून जमिनीवर बसल्याला माणूस मी. मेंढराचं कुणी मला सांगितलं असतं तर भांडलो असतो. शेतीतलं मला काय कळतंय, असं माझं मलाच वाटायचं. तुम्ही शिकल्याले.”

मग ते मला गोठ्यामागं घेऊन गेले. शेवग्याच्या खालीच घायपाताच्या काठ्यांची मोळी उभी होती. आप्पांनी एक काठी चाचपली, कानाला लावली, माझ्याकडे दिली. मी कान लावला. आत कुणीतरी करवत चालवावी तसा बारीक आवाज, मग घुमणं, मग शांत.

“आमचा बा वाघूर लावताना आधी काठी ऐकायचा. घुमती काठी ठोकायची न्हाई. नुसती टेकवायची, आन् पिल्लं उडाली की मग वापरायची.”

एवढ्यात एक सोनेरी भुंगा आमच्या डोक्यापुढे अधांतरी थांबला. मी मागे सरकलो.

“भिऊ नका. आवाजावरनं कळतंय, ह्यो गडी हाय, ह्याला नांगी न्हाई. पोरं आम्ही ह्याच्या पायाला दोरा बांधून उडवायचो.” पत्रकावर मी तीन कीटकांची चित्रं काढून खाली ‘तीन शत्रू’ असं लिहिलं होतं: मोठा काळा, पाठीवर पिवळी लव असलेला, आणि पूर्ण सोनेरी. मी ती वर्णन करून सांगितली तेव्हा आप्पा म्हणाले, “ह्यो पिवळा आन् ती पिवळ्या पाठीची, नवराबायको हायती. मोठा काळा त्यो निराळ्या घराण्यातला. तुम्ही समद्यांनाच येका दावणीला बांधलं.”

भिंगातून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. मोठ्या काळ्याचे पंख उन्हात जांभळट निळे चमकत होते, आणि पिवळ्या पाठीची मादी शेवग्याच्या फुलावर बसली की सबंध तुरा वाकत होता. सगळं वहीत उतरवून घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला असता तर हेच मिळालं असतं.

“किसन भेटला?” आप्पांनी विचारलं.

“भेटला.”

“सांगितलं?”

“नाही.”

आप्पांनी माझ्या हातातली काठी घेऊन परत मोळीला टेकवली. “मग हितं कशाला आला, सायेब? मला सांगून काय व्हतंय, मला ठाऊकच हाय. त्यो कागद छापील व्हता. चावडीवर लावला व्हता. किसन्या शाळंत जायचा तवा. त्यानं शेती सोडली ती त्या नावापायी. आन् तुम्ही मला गोठ्यामागं तोंडी सांगताय.”

निघताना हिराबाईनं शेंगांची जुडी पिशवीत घातली. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

खुटबाव स्टेशनवर संध्याकाळची पॅसेंजर मिळाली. डब्यात भाजीच्या पाट्या आणि दमलेली माणसं. यवत गेलं, उरुळी गेलं. मी जे सांगायला गेलो होतो ते फक्त अशा एकाच माणसाला सांगून परतत होतो, ज्याला ते सांगायची गरज नव्हती. माफी मागायलाही मी सोयीची जागा निवडली होती.

बाल्कनीत नवा बांबू बांधला आहे. अजून त्यात कुणी आलेलं नाही.

हे लिहिलं आहे ते छापून निमोण्याच्या चावडीवर लावायचं आहे. लावायला मी स्वतः जाईन, किसनला न्यायला कंपनीची गाडी यायच्या आत, तो गावात असतानाच. एवढं सगळं उभ्यानं वाचायला कुणाला सवड नसेल, तर त्यानं शेवटचं तेवढं वाचावं. धोंडीबा आप्पांनी हयगय केली नव्हती. कोणत्या काठ्या जाळू नयेत हे त्या दिवशी गावात त्यांना एकट्यालाच माहीत होतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही होतं. त्या तीन काठ्या मी आगीत टाकल्या.