मथुराबाईंचं कुंकू

बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या लेकराची जन्मतिथी अडली की बायका माझ्या सासूबाईंकडे, मथुराबाईंकडे यायच्या. सगळ्या तिथी त्यांना तोंडपाठ, पंचांग उघडावं लागत नसे. सासरे शालिग्राम कापसाच्या सौद्यासाठी सारखे चांदनीला जायचे. मानमोडीच्या साथीत ते तीन दिवसांत गेले. पुढे तीन वर्षांनी सासूबाई विसरू लागल्या. आधी डाळीत दोनदा मीठ. मी चिडायचे, खोटं कशाला बोलू!

मग एका सकाळी त्या माझ्या करंड्यातलं कुंकू कपाळभर लावून ओट्यावर येऊन बसल्या. माझे यजमान विनायक कचेरीत कारकून, खरं बोलण्याचा त्यांना भारी सोस. ते म्हणाले, "माय, बाबा गेले ना."

"कवा? मले कोनीच नाही सांगलं?" आणि नुकतीच तिरडी उठल्यासारख्या त्या रडल्या. दुपारी विसरल्या. दोन दिवसांनी पुन्हा कुंकू, पुन्हा तेच रडणं. एका बाईनं एकाच नवऱ्यापायी किती वेळा विधवा व्हायचं? मी करंडा लपवला, तर त्यांनी हळदीत चुना कालवून कुंकू केलं. शेवटी मी यजमानांना गप्प बसवलं आणि सांगू लागले, "मामंजी चांदनीला गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील." ऐकून त्या लाजून हसायच्या. गल्लीनं नावं ठेवली. ठेवू देत.

चैत्रात शेजारच्या सोजरबाईंकडे हळदीकुंकू होतं. मी चुलीशी होते, सासूबाई एकट्याच तिकडे गेल्या. भर बायकांत सोजरबाईंनी त्यांचं कपाळ पुसलं. "तुमचा मालक मरून चार वर्सं झाली, याद नाही का?" त्या बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर सासूबाई रडल्या नाहीत. दुपारी विसरतील, उद्या विसरतील, म्हणून मी वाट पाहिली. चार दिवस गेले. मग मीच करंडा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "लावा ना. मामंजी येतील संध्याकाळी."

त्यांनी तो हळूच मागे सारला. "नाही वं माय, ते मरून गेले. चारचौघीत सांगलं मले."

मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "तू कोनाची वं?"